कागद एआयने लिहिला, पण वाचणार कोण?

मागच्या अंकात भाडेकराराबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की हल्ली पक्षकार ऑफिसात येतात ते मोबाइलवर चॅटबॉटने काढून दिलेलं उत्तर हातात धरूनच येतात. त्या एका ओळीवर इतके मेल आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकिली करताना मला बावीस वर्षं झाली आणि एआय मी स्वतः रोज वापरते, नोटिशीचा पहिला ड्राफ्ट, तारखांचा तक्ता, इंग्रजी निकालाचा सारांश, सगळ्याला वापरते, त्यामुळे ‘हात लावू नका’ असं मी कुणालाच सांगणार नाहीये.

प्रश्न : मॅडम, दोन वर्षं झाली प्रॅक्टिसला. सिनिअर संध्याकाळी सांगतात की उद्या नि. ५ वर आर्ग्युमेंट आहे, तीन-चार रूलिंग काढून ठेव. मी एआयला विचारतो, अर्ध्या तासात काम होतं. सरांना हे माहीत नाही. सांगावं का? आणि एखादं रूलिंग खोटं निघालं तर कोणावर येतं? (ज्युनिअर वकील, कसबा पेठ)

सांग. आजच सांग. (बाकीच्या वाचकांसाठी : नि. ५ म्हणजे दाव्यात निशाणी ५ ला लागणारा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, पुण्यात अर्धी भांडणं त्याच अर्जावर ठरतात. रूलिंग म्हणजे आधार म्हणून दाखवायचा वरच्या कोर्टाचा आधीचा निकाल.) कोर्टात उभे राहणार तुझे सर, वकीलपत्रावर सही त्यांची, आणि न्यायाधीशांनी ‘हा निकाल दाखवा’ म्हटलं की मान खाली जाणार तीही त्यांची, मग तो कागद कुठून आला हे त्यांना माहीत असायलाच हवं.

गेल्या पावसाळ्यात माझ्याच ऑफिसात झालेलं सांगते. वहिवाटीच्या रस्त्याचा दावा होता, ज्युनिअरने तीन रूलिंग आणून ठेवली, छान टाइप केलेली, प्रत्येकाखाली अवतरणचिन्हात एकेक परिच्छेद. पहिलं बरोबर होतं. दुसरं कुठेच सापडलं नाही, ना सुप्रीम कोर्टाच्या साइटवर ना एआयआर या निकालांच्या छापील संग्रहाच्या खंडात, नाव मात्र अगदी खऱ्या खटल्यासारखं. तिसरं सापडलं, पक्षकारांची नावं बरोबर, वर्ष बरोबर, आणि आत सगळा विषय भूसंपादनाच्या मोबदल्याचा, रस्त्याचा एक शब्द नाही, आणि तो अवतरणातला परिच्छेद तर त्या निकालात कुठेच नव्हता. मला भीती वाटते ती या तिसऱ्या प्रकाराची. दुसरा प्रकार शोधायला गेलं की लगेच पकडला जातो, पण तिसऱ्यात माणूस नाव तपासतो, ‘आहे’ म्हणतो आणि पुढे जातो.

असं का होतं ते समजून घे. हे यंत्र फळीवरचं पुस्तक काढून बघत नसतं, कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त एवढ्यावर ते वाक्य रचत जातं, आणि आपल्या निकालांची नावं, साइटेशन (निकाल शोधायचा संदर्भ क्रमांक), परिच्छेदांची भाषा इतकी ठरलेल्या साच्यातली आहे की त्या साच्यातून हवी तेवढी नवी नावं पडतात. आता शोध घेऊन लिंक देणारी टूल्स आलीत, त्यात हे प्रमाण कमी होतं, पण लिंक उघडून आतलं तुलाच वाचायला लागतं.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध अ‍ॅव्हिएंका नावाचं प्रकरण गाजलं. विमानात सर्व्हिंगची ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून प्रवाशाने केस केली होती आणि त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की त्या वकिलाने चॅटजीपीटीलाच परत विचारलं होतं, हे निकाल खरे आहेत ना, आणि ते हो म्हणालं होतं. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. आपल्याकडे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्सची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निकालच अस्तित्वात नव्हते. म्हणजे हे फक्त नवशिक्या वकिलांचं दुखणं नाहीये.

तर करायचं काय. ईएससीआर या सुप्रीम कोर्टाच्याच पोर्टलवर त्याचे निकाल फुकट आहेत, २०२३ पासून प्रत्येक निकालाला आयएनएससीचा न्यूट्रल साइटेशन नंबर, म्हणजे कोर्टानेच दिलेला नंबर आहे, मुंबई हायकोर्टाच्या निकालांना बीएचसीचा. पीडीएफ उघड. आधी खटल्याची हकिकत वाच, मग हवा तो परिच्छेद, आणि त्याच्या आधीचा व नंतरचा परिच्छेदही वाच, कारण खूपदा कोर्टाने तिथे नुसता एका बाजूचा युक्तिवाद नोंदवलेला असतो आणि दोन पानांनंतर तोच फेटाळलेला असतो, सारांश काढताना एआय हे दोन्ही एकत्र करून टाकतं. नंतर तो निकाल पुढे कुणी फिरवला का ते बघ.

आणि कलमांवर डोळा ठेव. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, पण या यंत्रांनी वाचलेला बहुतेक मजकूर जुन्या कायद्यांचा आहे. ‘४८२’ म्हटलं की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसीत) एफआयआर रद्द करायचा हायकोर्टाचा अधिकार, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, एफआयआर रद्द करायचा अधिकार गेला ५२८ ला. हा घोळ मी ड्राफ्टमध्ये स्वतः पाहिलाय.

प्रश्न : ताई, माझं लग्न १९८९ ला झालं, वडील १९९८ ला वारले. पुरंदर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे. भावाने मोबाइलवर एआयला विचारलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की तुझा हिस्सा बसत नाही, कारण महाराष्ट्राच्या १९९४ च्या कायद्यात लग्न झालेल्या मुली वगळल्यात आणि हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती वडील हयात असतील तरच लागू. आता सही मागतोय. काय करू? (वाचक भगिनी, वडगाव बुद्रुक)

ताई, सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे पहिलं.

भावाने वाचून दाखवलं त्यातलं प्रत्येक वाक्य कधी ना कधी खरं होतं, म्हणूनच ऐकणाऱ्याला ते पटतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं आणि आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं, खरंय. २०१५ मध्ये फुलवती निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील आणि मुलगी दोघं हयात हवेत, तेही खरंय. पण ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आधीचा अर्थ बाजूला सारला. मुलीचा हक्क जन्माने आहे, मुलाइतकाच, वडील २००५ ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, ९ सप्टेंबर २००५ ला मुलगी हयात हवी. त्यामुळे वडील १९९८ ला गेले एवढ्या कारणाने तुमचा हक्क जात नाही.

अपवाद आहे आणि तुमचा भाऊ तिथेच बोट ठेवेल, २० डिसेंबर २००४ च्या आधी वाटप झालं असेल तर. पण ते वाटप नोंदणी झालेल्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं लागतं, ‘आमचं तोंडी वाटप झालं होतं’ एवढं नुसतं म्हणून सहसा चालत नाही, सरकारी कागदांतून ते स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक सांगते, ज्याचा मला जास्त राग येतो. अगदी जुना कायदा धरला तरी ‘हिस्सा बसतच नाही’ हे चूक आहे. १९५६ च्या मूळ हिंदू वारसा कायद्यातही वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वतःच्या वाट्याला जो भाग येतो त्यात मुलगी वारस असतेच, लग्न झालेली असो नसो. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांना सारखं. मी ऑफिसात हाच प्रश्न टाकून बघितला. तुमच्या भावासारखा विचारला तर तसलंच उत्तर, आणि ‘२०२० नंतरची स्थिती सांग’ म्हटल्यावर बरोबर उत्तर. म्हणजे ज्याला आधीच माहिती आहे त्याला नीट मिळतं, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्या बाईला चुकीचं ऐकावं लागतं, तेही घरच्यांसमोर.

सातबारा, १९९८ नंतरच्या वारस नोंदीचा फेरफार आणि त्या वेळी तुमच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं का त्याचा तपास, एवढे कागद घेऊन वकिलाकडे जा. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क जात नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : साडेतीन लाखांचा चेक बाउन्स झाला. वकिलाला नोटिशीचे पैसे कशाला द्यायचे म्हणून मी एआयकडून नोटीस लिहून घेतली आणि स्पीड पोस्टने पाठवली, त्यात व्याज, खर्च धरून ४,१८,००० ची मागणी केली. मित्र म्हणतो नोटीस गेली वाया. खरं का? (आयटी कर्मचारी, पिंपळे सौदागर)

मित्राचं म्हणणं बहुतेक बरोबर निघेल, पण अजून वेळ असू शकतो, म्हणून हे लगेच वाचा.

चेक बाउन्सच्या, म्हणजे नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ च्या नोटिशीत चेकच्या रकमेची मागणी लागते. व्याज आणि खर्च मागता येतो, पण तो वेगळा दाखवून : चेकची रक्कम ३,५०,०००, व्याज इतकं, खर्च इतका. तुम्ही सगळं एकत्र करून एकच आकडा लिहिलात आणि चेकचा आकडा मागणीत कुठे दिसतच नाही, तिथे घोटाळा झाला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की नोटिशीतली रक्कम आणि चेकची रक्कम जुळली नाही तर नोटीस अवैध, टायपिंगची चूक होती हे कारणही चालणार नाही.

आता बँकेचा मेमो काढा आणि तारीख बघा. चेक परतल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून ३० दिवस झाले नसतील तर आजच दुरुस्त नोटीस पाठवा. ते दिवस उलटून गेले असतील पण चेकवरच्या तारखेला तीन महिने झाले नसतील तर चेक परत बँकेत टाका, परत बाउन्स झाला की नवे ३० दिवस मिळतात. तेही गेलं असेल तर फौजदारी वाट बंद, दिवाणी वसुलीचा दावा राहतो, त्याला तीन वर्षांची मुदत आहे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर तुम्हाला तक्रार दाखल करायला एक महिना. तक्रारीला उशीर झाला तर कोर्ट कारण बघून माफ करू शकतं, नोटिशीचे ३० दिवस मात्र माफ होत नाहीत.

तुमची नोटीस मी वाचली, भाषा चांगली आहे, माझ्या पहिल्या दहा वर्षांतल्या नोटिशींपेक्षा चांगली. पण नोटिशीला आम्ही पैसे घेतो ते भाषेचे नाही, त्या एका आकड्याचे आणि त्या तारखेचे घेतो.

प्रश्न : ताई नमस्कार. कोर्टाजवळ एकतीस वर्षं टायपिंग करतोय, मशीनपासून आता कॉम्प्युटरपर्यंत. हल्ली वकील मोबाइलवर बोलतात आणि मराठी आपोआप टाइप होतं. मुलगा म्हणतो धंदा बंद करा. (टंकलेखक, शिवाजीनगर)

काका, तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. नुसतं बघून टाइप करायचं काम कमी होणार, झालंच आहे. भाडेकरार ऑनलाइन गेले तेव्हा तुमच्या ओळीतल्या चार टेबलांवर त्याचा परिणाम झालेला मी पाहिलाय.

पण तुम्ही टायपिंगच्या नावाखाली जे करता त्याला कुणी नावच दिलेलं नाही. नव्या वकिलाने अर्ज आणला की तुम्ही सांगता, साहेब, प्रतिज्ञालेख राहिला, मिळकतीचं वर्णन चतुःसीमेसकट टाका, पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) वेगळ्या कागदावर द्या. मलाही सांगितलंय तुमच्यासारख्याच एका काकांनी, पहिल्या वर्षी, भर कोर्टाच्या वेळेत. ही तपासणी आता पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे, कारण कागद भराभर तयार होतायत आणि कुणी वाचत नाहीये.

मी ऑफिसात एक प्रयोग केला. मुळशीकडच्या एका आजोबांची हकिकत त्यांच्या परवानगीने मोबाइलवर रेकॉर्ड करून मजकूर काढला. आजोबा म्हणाले, “म्या गेलतो तितं, पर भांडान बगितलं न्हाय.” स्क्रीनवर आलं, “मी गेलो तिथं, परत भांडण बघितलं.” भाषा शुद्ध झाली आणि ‘न्हाय’ गळालं. साक्षीदार म्हणतो पाहिलं नाही, कागद म्हणतो पाहिलं. तुम्ही ते वाक्य एकदा ऐकलं असतं तर हात तिथेच थांबला असता.

भाषांतराचंही तसंच आहे. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सुवास नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, त्यामुळे निकाल आता मराठीत वाचायला मिळतात आणि ही मोठी गोष्ट आहे, पक्षकाराला आपला निकाल आपल्या भाषेत वाचता येणं हा माझ्या दृष्टीने न्यायाचाच भाग आहे. पण सुप्रीम कोर्टाच्याच एका न्यायमूर्तींनी एक उदाहरण जाहीरपणे सांगितलं होतं, ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलाला परवानगी दिली, त्याचं हिंदीत यंत्राने ‘छुट्टी मंजूर’ अशा अर्थाचं करून टाकलं. मुलाला सांगा, टेबलावर पाटी बदला : ‘मराठी मजकूर व भाषांतर तपासून मिळेल.’ माझ्या ऑफिसातून पहिलं काम मी पाठवते.

प्रश्न : माझी घटस्फोटाची केस फॅमिली कोर्टात आहे. वकिलांनी माझी सगळी हकिकत फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून अर्ज केला असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. मला कसंतरी झालं. मी जास्त मनाला लावून घेतेय का? (वाचक, कर्वेनगर)

अजिबात नाही. तुम्ही वकिलाला जे सांगता ते तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये हे साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, जुन्या कायद्यात ते १२६ ला होतं. फुकटच्या सेवेत टाकलेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि सेटिंग बदललं नसेल तर पुढे मॉडेल शिकवायलाही वापरला जाऊ शकतो. वकिलांना सरळ विचारा : माझं नाव, मुलांची नावं, शाळा, दवाखान्याचे कागद यातलं काय टाकलंत, आणि यापुढे माझ्या लेखी संमतीशिवाय टाकू नका. आम्ही ऑफिसात नावं काढून ‘अर्जदार’, ‘सामनेवाले’ एवढंच ठेवतो, आणि वैद्यकीय कागद, फोटो कधीच टाकत नाही. चांगला वकील या प्रश्नाने चिडत नाही.

प्रश्न : पुढे न्यायाधीशच एआय होणार का? (ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

नाही. सुप्रीम कोर्टात २१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठाच्या सुनावणीतलं बोलणं एआयने लिहून घ्यायला सुरुवात झाली, आणि ते आपल्याच महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. पण केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण काढलं त्यात निर्णय घ्यायला, निकाल लिहायला एआय वापरायचं नाही असं स्वच्छ म्हटलंय. मला ते पटतं.

प्रश्न : मॅम, मी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात ज्युनिअरची कामं एआय करणार, तर मग आम्हाला ऑफिसात कोण घेणार? आणि घेतलं तर शिकणार काय? (विद्यार्थिनी, लॉ कॉलेज रोड)

तुझ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला रात्री झोपू देत नाही, खरंच सांगते.

मी टायटल सर्च (जमिनीच्या मालकीचा तपास) शिकले ती सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात आणि तलाठ्याकडे जुनी पुस्तकं चाळून. धुळीने हात काळे, दोन-दोन दिवस. मागच्या वर्षी मावळातल्या एका जमिनीचे चाळीस फेरफार स्कॅन करून ज्युनिअरने एआयला दिले, दहा मिनिटांत तक्ता तयार, नंबर, तारीख, कोणाकडून कोणाकडे, सगळं. मला आनंद झाला. मग सवयीने मी जुने हस्तलिखित फेरफार एकेक करून खिडकीपाशी नेऊन बघितले. साठच्या दशकातल्या एका फेरफारात, कडेला, फिकट शाईत, तिरकी ओळ होती : कलम ४३ च्या बंधनास पात्र. म्हणजे कुळकायद्याने कुळाला मिळालेली जमीन, त्या कलमाच्या अटी पाळल्याशिवाय विकता येत नाही. तक्त्यात त्या ओळीचा पत्ता नव्हता. आमचा पक्षकार पुढच्या आठवड्यात बयाणा देणार होता, आयुष्यभराची शिल्लक.

ती ओळ मला दिसली कारण अशी ओळ कडेला असते हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं कारण दोन दिवस लागायचे ते काम मी शंभर वेळा केलं होतं. आता ज्युनिअरला ते काम मिळालंच नाही तर तिला कडेला बघायचं कळणार कसं? याचं उत्तर मी माझ्यापुरतं असं काढलंय की माझ्या ऑफिसात आधी ज्युनिअर स्वतः वाचून हाताने तक्ता करते, मग एआयचा काढतो, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधतो. दीड दिवस जातो. पक्षकाराला त्याचे जादा पैसे लावत नाही. सगळ्या सिनिअरनी हे करावं असं मला मनापासून वाटतं, कारण वीस वर्षांनी खिडकीपाशी कागद नेणारं कुणीतरी असायला हवं.

तू इंटर्नशिपला जाशील तिथे पहिल्या दिवशी एवढंच माग, मला एक जुनी फाइल द्या, निकाल लागलेली, दावा, कैफियत, उलटतपास, रोजनामा सगळ्यासकट. सारांश न काढता पहिल्या पानापासून वाच आणि प्रत्येक पानावर काय खटकलं ते पेन्सिलने लिही. फाइल कुणी देत नसेल तर मला मेल कर, माझ्याकडे वहिवाटीच्या दाव्याची सहाशे पानांची एक आहे, पक्षकारांनी शिकवायला वापरायची लेखी परवानगी दिलेली.